सुझन म्हणजे नेमकं कुठलं फूल?

सुझन नावाचा अर्थ शोधायला गेलात तर नावांच्या कुठल्याही यादीत एकच उत्तर मिळतं, लिली. विषय संपला. पण तेच नाव हिब्रूत शोशाना म्हणून विचारा, आज बहुतेक लोक म्हणतील गुलाब. अरबीत सौसन म्हणून विचारा तर आयरिस, फारसीत परत लिली, आणि पार मागे इजिप्तपर्यंत गेलात तर पाण्यात उगवणारं कमळ. नाव एक आणि फुलं चार, आणि गंमत अशी की यातलं कुणीच खोटं बोलत नाहीये. असं का झालं हे कळायला साधारण चार हजार वर्षं मागे जावं लागतं, पण घाबरू नका, व्याकरणाचं पुस्तक उघडायची वेळ येणार नाही.

सुरुवात नाईलपासून. प्राचीन इजिप्शियन भाषेत त्या फुलाला जो शब्द होता त्याची आपल्याला फक्त व्यंजनं माहितीयत, स-श-न अशी, कारण त्यांच्या चित्रलिपीत स्वर लिहायची पद्धतच नव्हती. पुढे त्याच भाषेचं शेवटचं रूप म्हणजे कॉप्टिक, ती ग्रीकवरून घेतलेल्या अक्षरांत लिहायला लागले आणि तिथे स्वर दिसतात, शब्द आहे शोशेन. शोशेन, शोशाना. नातं सांगायला लागतच नाही, कानाला कळतं.

आता हे फूल कुठलं? आपण सरसकट कमळ म्हणतो, पण वनस्पतीशास्त्राच्या हिशोबात ते खरं कमळ नाही, ती वॉटरलिली. फरक ओळखायचा तर पानाकडे बघायचं. कमळाचं पान गोल, अखंड, आणि देठावर पाण्याच्या वर उंच उभं राहतं. वॉटरलिलीचं पान पाण्याला टेकून तरंगतं आणि त्याला कडेपासून देठापर्यंत एक चीर असते. इजिप्तच्या थडग्यांमधल्या चित्रांत बायका जे निळसर फूल नाकाशी धरून बसलेल्या दिसतात ते हेच. ते सकाळी उमलतं, दुपारनंतर मिटतं, म्हणून त्यांनी त्याची सांगड सूर्याशी घातली. तुतनखामेनच्या थडग्यात, जे १९२२ मध्ये सापडलं, एक लाकडी डोकं मिळालं, लहान मुलाचा चेहरा आणि तो चेहरा थेट या फुलातून वर येतोय, म्हणजे राजा सूर्यासारखा जन्म घेतोय असा अर्थ. खरं कमळ इजिप्तमध्ये बरंच उशिरा, पर्शियन राजवटीच्या आसपास, पूर्वेकडून आलं.

तिथून हा शब्द हिब्रूत गेला, शोशान आणि शोशाना. आणि इथेच पहिला घोळ. ज्या फुलाला तिकडे हा शब्द वापरायचे ते फूल इकडच्या डोंगराळ, कोरड्या भागात कितीसं दिसणार? शब्द आला आणि लोकांनी तो आपल्याकडच्या देखण्या फुलाला लावून टाकला. कुठल्या, यावर अभ्यासकांचं आजही एकमत नाही. बायबलमधल्या पहिले राजे या पुस्तकात शलमोन राजाने बांधलेल्या मंदिराचं वर्णन आहे, त्यात खांबांच्या माथ्यावर शोशानाचं नक्षीकाम आणि पितळेच्या प्रचंड हौदाचा काठ शोशानाच्या फुलासारखा घडवलेला असं म्हटलंय. हे वाचून सरळ इजिप्तचे कमळाच्या माथ्याचे खांब आठवतात, म्हणजे तिथे अजून जुनाच अर्थ चालू असावा. पण गीतरत्न या बायबलमधल्या प्रेमकाव्यात प्रेयसी म्हणते मी खोऱ्यातली शोशाना, आणि प्रियकर म्हणतो काट्यांमध्ये शोशाना तशी माझी सखी. काट्यांमध्ये वॉटरलिली? शक्य नाही, हे जमिनीवरचं फूल झालं. अजून पुढे त्याच पुस्तकात त्याच्या ओठांना शोशानाची उपमा आहे, म्हणून काही जण म्हणतात की बाबा हे लाल फूल असणार, लिली पांढरी असते मग ओठांना कशी देतील. मला हा मुद्दा पटतो, पण कवितेत उपमा रंगावरून असते, वासावरून असते, मऊपणावरूनही असते, त्यामुळे नुसत्या एका ओळीवर झाड ठरवायला नको.

एक गोष्ट बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. हिब्रू बायबलमध्ये हे फूल भरपूर वेळा येतं, अगदी काही स्तोत्रांच्या वर 'शोशानीमवर' अशी सूचना आहे जी बहुधा गाण्याच्या चालीचं नाव असावी, पण शोशाना नावाची बाई त्यात एकही नाही. बाई भेटते ती ग्रीकमध्ये. दानिएलच्या पुस्तकाची जी ग्रीक आवृत्ती आहे तिच्यात एक जास्तीचा भाग आहे, तो कॅथलिक बायबलमध्ये तेरावा अध्याय म्हणून छापतात, प्रोटेस्टंट लोक मूळ पुस्तकात धरत नाहीत. त्यात बाबिलोनमधली सुसान्ना बागेत अंघोळीला जाते, दोन म्हातारे न्यायाधीश लपून बघतात, धमकावतात, ती ऐकत नाही म्हटल्यावर तिच्यावरच व्यभिचाराचा आळ घेतात आणि तिला मृत्युदंड होतो. मग तरुण दानिएल मधे पडतो, दोघांना वेगवेगळं उभं करतो आणि विचारतो, कुठल्या झाडाखाली पाहिलंत? एक म्हणतो स्खिनोस, दुसरा म्हणतो प्रिनोस. दोन साक्षी दोन झाडं, खोटं उघडं पडलं. साक्षीदारांना वेगळं करून उलटतपासणी घ्यायची, तीही इतक्या जुन्या गोष्टीत, मला हे फार आवडतं.

त्या झाडांच्या नावांत अजून एक गंमत आहे. स्खिनोस म्हणणाऱ्याला दानिएल सुनावतो की देवदूत तुला दुभंगेल, आणि दुभंगणे याचं ग्रीक क्रियापद स्खिझो. प्रिनोसवाल्याला म्हणतो करवतीने कापेल, त्याचं क्रियापद प्रिओ. ही कोटी फक्त ग्रीकमध्येच होते. म्हणून तिसऱ्या शतकात ज्युलियस आफ्रिकानस नावाच्या विद्वानाने ओरिगेन या ख्रिस्ती पंडिताला पत्र लिहून शंका काढली की ही गोष्ट मुळात हिब्रूत नसणारच. वाद काहीही असो, आपल्या कामाचा मुद्दा असा की कोटी झाडांवर केली, नायिकेच्या नावावर नाही. कशी करणार? ग्रीक वाचणाऱ्याला सुसान्ना या नावात फूल ऐकूच येत नव्हतं.

आणि माझ्या मते या सगळ्या प्रवासातलं मुख्य वळण हेच आहे. ग्रीक भाषांतरकारांनी जिथे हिब्रूत शोशाना हे फूल आलं तिथे सरळ आपला शब्द टाकला, क्रिनोन, म्हणजे लिली. पण बाईचं नाव आलं तिथे अर्थ नाही घेतला, आवाज घेतला, सुसान्ना. बरोबरच आहे, नावांचं भाषांतर कोण करतं! पण त्यामुळे फूल एका वाटेने गेलं आणि नाव दुसऱ्या. लॅटिनमध्येही तेच, फुलाला लिलियम आणि नावाला सुसान्ना. त्या दिवसापासून युरोपात हे नाव अर्थ माहीत नसतानाच ठेवलं जातंय. लिली, रोझ, डेझी ही नावं ठेवताना आईबापांना फूल समोर दिसत असतं, सुझन ठेवताना दिसत नाही. म्हणून सुझनला फुलाचं नाव म्हणायचं की संताचं, हा प्रश्न विचारला तर मी म्हणेन युरोपापुरतं संताचंच.

आता 'श'चं काय झालं ते बघू, कारण लोकांना तिथे अडखळायला होतं. ग्रीक भाषेत श हा आवाजच नव्हता, आणि लिपीतही त्याला अक्षर नव्हतं. मग श आला की स लिहायचा. मोशेचा मोझेस, श्लोमोचा सॉलोमन, येशूआचा जीझस, सगळे याच गाळणीतून गेलेत, शोशानाही गेली. वरून शेवटी बाईच्या नावाला शोभेल असं 'आन्ना' वळण मिळालं. पुढे ज्या भाषेत गेली तिथल्या सवयी तिला लागत गेल्या. जर्मनमध्ये दोन स्वरांच्या मधला स हा झ सारखा वाजतो, तो उच्चार पूर्वेकडे पसरला आणि चेक-स्लोव्हाकमध्ये झुझाना झाली, पोलिशमध्ये झुझान्ना. हंगेरियनने तर त्याचा अजून घोटीव झ केला, म्हणजे ट्रेझरमधला मधला आवाज असतो ना तो, नाव झ्हुझ्हान्ना आणि लाडाने झ्हुझ्हा नाहीतर झ्हाझ्हा. फ्रेंच सुझान, स्पॅनिश सुसाना, डच सान्ने, फिनिश आणि स्वीडिश सान्ना. शेवटची दोन ऐकून तर सुझनची आठवणसुद्धा येत नाही, पुढचं अर्धं नाव गळून गेलंय. बुद्धिबळवाल्या तीन पोल्गार बहिणींमधली थोरली, १९६९ ला बुडापेस्टमध्ये जन्मली तेव्हा झ्हुझ्हान्ना होती, अमेरिकेत जाऊन सुझन झाली. नाव बदललं असं कुणी म्हणणार नाही, नुसता देश बदलला.

संत म्हटलं तर तशा दोन-तीन आहेत. लूकच्या शुभवर्तमानात येशूबरोबर फिरणाऱ्या आणि पदरमोड करून सगळ्यांचं बघणाऱ्या बायकांत एक सुसान्ना आहे, तिच्याबद्दल नावापलीकडे काहीच नाही. रोमची संत सुसान्ना आहे, तिचा दिवस ११ ऑगस्ट, म्हणून चेक आणि स्लोव्हाक कॅलेंडरमध्ये झुझानांचा नावदिवस, म्हणजे त्या नावाच्या सगळ्यांचा सणाचा दिवस, अजून तोच. पण लोकांच्या मनात बसली ती बागेतलीच. रोमजवळच्या प्रेतेक्स्तातुसच्या भुयारी दफनभूमीत चौथ्या शतकातलं एक चित्र आहे, माणसं नाहीतच त्यात, दोन लांडग्यांच्या मधे एक कोकरू उभं आहे आणि कोकराच्या वर लिहिलंय सुसान्ना, लांडग्याच्या वर लिहिलंय म्हातारे. नावाच्या चिठ्ठ्या नसत्या तर कुणाला कळलं नसतं. सतराव्या शतकात हाच विषय युरोपातल्या चित्रकारांनी इतका रंगवला की मोजदाद नको, त्यातलं आर्तेमिसिया जेन्तिलेस्कीचं १६१० चं चित्र मुद्दाम बघण्यासारखं, ती तेव्हा जेमतेम १७ वर्षांची होती आणि तिची सुसान्ना बाकीच्यांसारखी पोज देत नाही, अंग चोरून तोंड फिरवते. या कुठल्याच चित्राचा जीव फुलात नाही. रोमन भुयारात कोकरू आलं, लिली नाही आली.

पण ही झाली पश्चिमेची वाट. पूर्वेकडे मात्र उलटं घडलं, तिथे नाव आणि फूल एकत्रच राहिले.

आर्मेनियनमध्ये शुशान म्हणजे आजही लिली आणि शुशान हेच मुलीचं नाव, श शाबूत. पाचव्या शतकात शुशानिक नावाची एक आर्मेनियन सरदारकन्या होती, शेवटचं इक म्हणजे लाडाचं, तिच्या नवऱ्याने ख्रिस्ती धर्म सोडला आणि हिने नकार दिला म्हणून तिला वर्षानुवर्षं कैदेत हाल करून मारलं. तिचं चरित्र जॉर्जियन भाषेत लिहिलं गेलं आणि आज ते जॉर्जियन साहित्यातली उपलब्ध असलेली सगळ्यात जुनी कृती मानतात. म्हणजे एका भाषेचं साहित्य जिथून सुरू होतं तिथेच हे नाव उभं आहे.

अरबीत सौसन, फारसीत सूसन. दोन्हीकडे फुलाचा शब्द आणि मुलीचं नाव एकच, आणि दोन्हीकडे लोकांना ते माहीत आहे. फक्त फूल वेगळं. आजच्या अरबीत सौसन म्हणजे साधारणपणे आयरिस आणि लिलीला झंबक. फारसीत बरोबर उलटं, सूसन म्हणजे लिली आणि झंबक म्हणजे आयरिस. शेजारी-शेजारी राहून दोन भाषांनी दोन शब्द आपसात अदलाबदल करून घेतल्यासारखं झालंय. तुर्कीने फूल अरबीच्या बाजूचं घेतलं, स्यूसेन म्हणजे आयरिस. जॉर्डनचं राष्ट्रीय फूल काळं आयरिस आहे, त्याला ते काळी सौसना म्हणतात. फारसी कवितेत तर सूसनचा थाट वेगळाच, तिला दहा जिभा असतात म्हणे, पाकळ्या आणि पानं जिभेसारखी लांब निमुळती म्हणून, आणि दहा जिभा असून ती एक शब्द बोलत नाही. उर्दूत तेच सोसन, आणि त्यावरून सोसनी हा निळसर जांभळा रंग, म्हणजे परत आयरिसच.

इथे एक सावधगिरी. फारसीत सूझन म्हणजे सुई, आणि सूझान म्हणजे जळणारं, जाळणारं. तुर्कीतलं सुझान हे बायकांचं नाव तिकडच्या कोशांत या दुसऱ्या शब्दावरून लावतात. ऐकायला डिट्टो सुझन, पण फुलाशी संबंध नाही. आवाज जुळला की मूळ एकच असं धरून चालणं हा या विषयातला सगळ्यात सोपा खड्डा आहे. जुने लोकही त्यात पडलेत. इराणमधलं सुसा शहर, बायबलच्या एस्तेरमधलं शूशन, ग्रीक लेखक अथेनेयस जुन्या लोकांचा हवाला देऊन सांगतो की तिथल्या सौंदर्यामुळे हे नाव पडलं कारण सूसोन म्हणजे लिली. गोष्ट छान आहे, पण शहराचं नाव त्याहून कितीतरी जुनं, तिथल्या प्राचीन एलामी लोकांचं, त्यांचा देव इन्शुशिनाकशी जोडलेलं. तसंच हिब्रूत शेश म्हणजे सहा आणि लिलीला दिसायला सहा पाकळ्या, म्हणून शोशाना, असंही सांगतात. मूळ इजिप्तचं आहे म्हटल्यावर ते बाद होतं. वाईट वाटतं, कारण हे लक्षात ठेवायला फार सोयीचं होतं.

तो सूसोन शब्द मात्र ग्रीकमध्ये दुसऱ्याच कामाला लागला. लिलीच्या अत्तराला, म्हणजे सुगंधी तेलाला, ते सूसिनोन म्हणायचे, आणि पहिल्या शतकातला वैद्य दियोस्कोरिदेस त्याची कृती देतो त्यात हजार लिलीची फुलं लागतात. म्हणजे पूर्वेकडून शब्द बाटलीत भरून आला आणि बाटलीवरच राहिला, बागेतल्या फुलाला लोक क्रिनोनच म्हणत राहिले.

स्पेनमध्ये या दोन्ही वाटा एकमेकींना भेटतात आणि हा माझा सगळ्यात आवडता भाग. चर्चमधून लॅटिनच्या वाटेने आली सुसाना. आणि अरबी राजवटीत अंदालुसियाच्या बागांमधून आलं अस-सूसाना, त्याचं स्पॅनिशमध्ये झालं असुसेना, म्हणजे पांढरी लिली. पुढे असुसेना हेही मुलींचं नाव झालं. आता स्पॅनिश बोलणाऱ्या घरात एक बहीण सुसाना आणि दुसरी असुसेना असू शकते, आणि मुळात दोघींचं नाव एकच आहे हे घरात कुणालाच माहीत नसतं. एकीत फूल दिसतं, दुसरीत नाही. हजारो वर्षांपूर्वी फुटलेली वाट एकाच छताखाली, आणि तरी ओळख नाही.

राहिला गुलाब. हिब्रू बोलीभाषा म्हणून मधल्या काळात वापरात नव्हती, पुस्तकं आणि प्रार्थना मात्र चालू होत्या, आणि युरोपात राहणाऱ्या ज्यू लोकांच्या डोळ्यांसमोर काट्यांमधलं देखणं फूल म्हटलं की गुलाबच यायचा. तेराव्या शतकाच्या शेवटी स्पेनमध्ये पुढे आलेला झोहर हा गूढवादी ग्रंथ तर शोशानापासूनच सुरू होतो, तिला तेरा पाकळ्या आहेत, तांबडा आणि पांढरा रंग आहे. तेरा पाकळ्यांची लिली कुठून आणणार, हा गुलाब. मग विसाव्या शतकात हिब्रू परत बोलायला लागले तेव्हा यिडिश, म्हणजे युरोपातल्या ज्यूंच्या बोलीतली, नावं बदलून हिब्रू घ्यायची लाट आली आणि कितीतरी रोझा, रेझल, रॉयझे या शोशाना झाल्या. शास्त्रशुद्ध बोलणारे सांगतात की गुलाबाला वेरेद म्हणा, शोशान म्हणजे लिली. सांगू देत, बोलताना गुलाबाला शोशाना म्हणायची सवय गेलेली नाही. आज इस्राएलमध्ये शोशाना, शोश, शोशी म्हटलं की आजीच्या पिढीचं नाव वाटतं. बाय द वे, तो वेरेद, अरबीतला वर्द, आर्मेनियन वार्द आणि फारसीतला गुलसुद्धा, हे सगळे एकाच जुन्या इराणी शब्दाची लेकरं आहेत, पण ते परत कधीतरी.

इंग्लंडमध्ये मध्ययुगात हे नाव फारसं नव्हतं. धर्मसुधारणेनंतर लोक बायबलमधली नावं शोधायला लागले तेव्हा वाढलं, शेक्सपियरच्या थोरल्या मुलीचं नाव सुसान्ना, बाप्तिस्मा १५८३ चा. हळूहळू शेवटचा आ गळून सुझन उरलं, लाडाने स्यू, सूझी, आणि पूर्वी सूकी. मग एक मजा झाली. १७२० मध्ये जॉन गे या कवीच्या एका लोकप्रिय गाण्यात काळ्या डोळ्यांची सुझन आली, बोटीवर निघालेल्या खलाश्याला निरोप द्यायला येणारी. अमेरिकेत पिवळ्या पाकळ्या आणि मधे काळपट तपकिरी गोंडा असलेलं एक रानफूल आहे, रुडबेकिया, त्याला लोक ब्लॅक-आइड सुझन म्हणतात, १९१८ पासून मेरीलँडचं ते राज्यफूल. आणि भिंतीवर चढणारी केशरी फुलांची थनबर्जियाची वेल, मधे काळा ठिपका असलेली, तिलाही तेच नाव. म्हणजे फुलावरून बाई, आणि बाईवरून दोन भलतीच फुलं, जी लिलीही नाहीत आणि कमळही नाहीत. कुणी ठरवून केलं नाही, नावातलं फूल तोपर्यंत साफ विसरलं गेलं होतं म्हणूनच हे झालं.

अमेरिकेत १९५० च्या दशकात जन्मलेल्या मुलींच्या नावांत सुझन चौथ्या नंबरवर होतं, पुढच्या दशकात तिसऱ्या. इतकं झालं की एका पिढीचंच नाव होऊन बसलं, आणि अशा नावांचं जे होतं तेच झालं, मुलींनी आईचं नाव आपल्या मुलींना ठेवलं नाही. आज तिकडे तान्ही सुझन शोधावी लागेल. त्याच वेळी पोलंडमध्ये गेली काही वर्षं झुझान्ना मुलींच्या सगळ्यात जास्त ठेवल्या जाणाऱ्या नावांत आहे, आणि तिथल्या आईबापांना विचारलं की हे नाव का ठेवलंत तर झुझा, झुझिया अशी हाक मारायला गोड वाटते म्हणून, एवढं कारण पुरतं.